धाकट्या बहिणीची दोन पानं

डॉक्टर नंदकुमार इंगोले चोर आहे असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. चोर नाही असं म्हणालं तरी भांडेन. अठरा वर्षं मी या माणसाला ओळखते. डब्लिनच्या पश्चिमेला, मेयो परगण्यातल्या कासलबारच्या हॉस्पिटलात मी फार्मसीत आहे आणि तो मेडिसिनच्या वॉर्डात रजिस्ट्रार. रजिस्ट्रार म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या खालचा आणि नव्या पोरांच्या वरचा माणूस. पेशंटला त्याचा चेहरा रोज दिसतो, पण बाहेरच्या पाटीवर त्याचं नाव नसतं. दोन वर्षांत आपण पाटीवर जाऊ असं म्हणत तो २००४ साली यवतमाळहून आला. आधी एनिसच्या हॉस्पिटलात, मग इथे. आज तो चोपन्न वर्षांचा आहे आणि अजून रजिस्ट्रारच आहे.

त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. उंच, जरासा वाकलेला, स्वेटरच्या कोपरांवर सुरेखाने लावलेली ठिगळं. सुरेखा त्याची बायको. राउंडला हा माणूस पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसायचा. इतर डॉक्टर उभ्याउभ्याच बोलतात आणि पुढे जातात, हा बसायचा. म्हाताऱ्यांच्या गाई, म्हाताऱ्यांची भांडणं, गेल्या पन्नास वर्षांतल्या मयती, सगळं ऐकून घ्यायचा. 'युवर मॅन द इंडियन डॉक्टर', म्हणजे तो आपला इंडियन डॉक्टर, कुठाय, असं पेशंट नर्सला विचारायचे. राउंड लांबायचा आणि माझ्याकडे औषधांच्या चिठ्ठ्या दुपारी दोनला एकदम यायच्या. त्यावरून मी त्याला पुष्कळ बोललेय.

बोलायला मला आवडतं. नवरा म्हणतो, तुझ्या जिभेला प्रिस्क्रिप्शन लागतं. या गोष्टीत त्या जिभेचाही वाटा आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

नंदकुमारने इथे पहिलं भाड्याचं घर घेतलं ते डोंगरापलीकडच्या एका छोट्या गावात, चर्चच्या मागे. हिवाळा तोंडावर आला होता आणि घरात उबेला फक्त एक लोखंडी शेगडी. तिथल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी एक खोकं आणून दिलं. चर्चची अडगळ आवरताना निघालेले जुने अंक होते. "पेटवायला कागद लागतील, डॉक्टर. घेऊन जा." हे त्यांचे शब्द. म्हणजे ते खोकं जळण म्हणूनच आलं होतं.

आपला माणूस छापील कागद वाचल्याशिवाय जाळत नाही. भेळेचा कागदसुद्धा आपण उलगडून वाचतो. नंदकुमार वाचायला बसला. १९५४-५५ सालचं ते गावचं त्रैमासिक. प्रार्थनेच्या वेळा, गुरांचा बाजार, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, आणि शेवटी एक गोष्ट. सहा अंकांत सहा गोष्टी. खाली नाव नाही, नुसतं 'ओ. एच.' आणि कंसात 'आपला अमेरिकन पाहुणा'. गोष्टी कच्च्या होत्या म्हणे, पण अंगावर येणाऱ्या. पंधरा पानांत एक घर उभं राहायचं आणि मोडायचं. हे त्यानेच मला सांगितलं. मी त्या गोष्टी इंग्रजीत कधीच पाहिल्या नाहीत. आता कुणीच पाहणार नाही.

नंदकुमारला कॉलेजपासून लिहायची हौस होती, पण स्वतःची गोष्ट सुचायची नाही. म्हणून त्याने आपल्याकडे कित्येकांनी केलं ते केलं. रूपांतर. परक्याची गोष्ट उचलायची, माणसांना आपली नावं द्यायची, आपल्या गावात आणून बसवायचं. मेयोतली खाडी रत्नागिरीला गेली. डोनल दिनकर झाला. पहिल्या गोष्टीला त्याने 'परकीय कथेवरून' असं लिहिलं होतं. दिवाळी अंक आला तेव्हा ती ओळ गळलेली होती. जागेअभावी गेली, संपादक म्हणाले. दुसऱ्या वर्षी त्याने ती ओळ लिहिलीच नाही.

मी हे सगळं टाइप करत होते. तो फुलस्केपवर शाईच्या पेनाने लिहायचा आणि कँटीनमध्ये माझ्यापुढे गठ्ठा ठेवायचा. मला देवनागरी टाइप करता यायचं, त्याला नाही. टाइप करायच्या आधी मी समासात शेरे मारायची. "रत्नागिरीत जुलैत शेकोटीला बसतं का कुणी?" "ही बाई कोटाची बटणं का लावतेय? पदर दे." तो हसून दुरुस्त करायचा. हे परक्याचं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, असेना का. कुठला तो पाद्रीबाबांचा अंक, कुठला तो ओ. एच., मरूनही गेला असेल.

शब्दमर्यादेत बसवायचं कामही माझंच. मी सढळ हाताने कापायची. त्यात मला मजा यायची, खोटं कशाला बोलू.

सहा दिवाळ्यांत सहा कथा आल्या. त्यातल्या एकीला बक्षीस मिळालं. सुमन नावाची मुलगी एका सकाळी घर सोडून निघून जाते, ती. घरी राहायला आलेला परका भाडेकरू खिडकीतून तिला जाताना बघतो, एवढीच गोष्ट. बक्षिसाचं सर्टिफिकेट सुरेखाने फ्रेम करून दारासमोर लावलं. नंतर पुण्याच्या एका प्रकाशकाने संग्रह काढला. डब्लिनच्या गणेशोत्सवात शाल आणि नारळ. चाळिशी ओलांडलेला कायमचा रजिस्ट्रार त्या एका संध्याकाळी दोन इंच उंच झाला होता. ते बघून मला बरं वाटलं होतं, अजूनही वाटतं, आणि त्याचाच राग येतो.

मग २०१६ साली ओरिन हॅलक वारला. नंदकुमारची मुलगी स्वानंदी हिला शाळेत त्याची कादंबरी अभ्यासाला होती, एवढा मोठा अमेरिकन लेखक. पेपरात पानभर आलं. तरुणपणी दीड वर्ष मेयोत राहिला होता. तिथल्या एका गावच्या त्रैमासिकात त्याने आपल्या पहिल्या कथा छापल्या. पुढे त्या कुठल्याही पुस्तकात येऊ दिल्या नाहीत. त्या अंकांची एकही प्रत आता सापडत नाही, अभ्यासक शोधताहेत.

स्वानंदीने हे जेवताना वाचून दाखवलं. "बाबा, दॅट्स अवर ओल्ड व्हिलेज, लाइक. हाऊ मॅड इज दॅट?" नंदकुमार "हो का" म्हणाला आणि भात कालवत राहिला.

त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत सुरेखा आणि स्वानंदी डब्लिनजवळ डून लेरीला, सुरेखाच्या भावाकडे गेल्या होत्या. नंदकुमार ड्यूटीसाठी मागे राहिला होता. दुपारी चार वाजता त्याने ते सहा अंक नव्या घराच्या शेगडीत घातले. एकेक करून. घालताना वाचले नाहीत, असं तो म्हणतो. त्याने स्वतःला दोन कारणं सांगितली होती. लेखकालाच त्या कथा नको होत्या, हे एक. आणि आपल्याला पाद्रीबाबांनी जाळायलाच दिल्या होत्या, हे दुसरं. खरं कारण दारासमोर फ्रेममध्ये टांगलेलं होतं. हे त्याने मला सांगितलं सात वर्षांनी, गेल्या जानेवारीत, नोरा डेव्हिट वॉर्डात आल्यावर.

नोरा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. हृदय थकलेलं, फुप्फुसात पाणी, पाय सुजलेले. लग्न केलेलं नाही, जन्म झाला त्या घरात एकटी राहिलेली. गाव तेच, डोंगरापलीकडचं. नंदकुमार तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला, आणि तिसऱ्या दिवशी तिने त्याला विचारलं, "डॉक्टर, तुम्ही वाचणारे दिसता. हॅलकच्या त्या हरवलेल्या गोष्टींबद्दल रेडिओवर सांगत होते, ते ऐकलंत?"

तो नाही म्हणाला.

मग तिने जे सांगितलं ते असं. अमेरिकन पाहुणा त्यांच्याच घरी वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. नोरा तेव्हा आठ वर्षांची. तिची मोठी बहीण डेलिया, वय एकोणीस, मार्चमधल्या एका सकाळी घर सोडून गेली. का, कुठे, कुणाबरोबर, कुणी सांगितलं नाही. बापाने घरात तिचं नाव काढायचं नाही असा हुकूम केला. काही आठवड्यांनी त्रैमासिक आलं, त्यात ओ. एच. ची गोष्ट होती आणि गोष्टीत डेलिया होती. बापाने अंक चुलीत टाकला. शेजाऱ्यांनीही आपापले टाकले, डेव्हिटांची अब्रू म्हणून. पण आईने आधी वाचला होता. मरायच्या आधी आईने नोराला सांगितलं की तूही त्यात आहेस. जाताना डेलिया अंगणात तुझ्याशी काय बोलली ते त्याने शब्दाला शब्द लिहिलंय. काय, ते सांगायला आईला दम उरला नाही.

"मला एवढंच आठवतं," नोरा म्हणाली, "ती खाली बसली आणि तिने माझ्या बुटाची नाडी बांधली. आणि काहीतरी बोलली. ती परत येते म्हणाली असेल, तर मी थांबले ते बरोबर होतं. दोन माणसं मागणी घालायला आली, मी घर सोडलं नाही, ती येईल तेव्हा दार उघडायला कुणी हवं म्हणून. आणि ती फक्त जाते गं, नीट राहा म्हणून गेली असेल, तर मी मूर्ख. कुठलंही असो, चालेल. कोणतं ते कळलं की झालं."

नंदकुमार तिथून सरळ फार्मसीत आला. खिडकीतून आत वाकला आणि म्हणाला, "स्मृती, सुमनच्या कथेत धाकटी बहीण होती?"

मी गोळ्या मोजत होते. म्हटलं, "छापलेल्यात नाही."

"मूळ कथेत. माझ्या हस्तलिखितात."

"असेल. शब्दमर्यादेत गेली असेल. का?"

त्याने सांगितलं. नोरा, डेलिया, नाडी. मग शेगडीचंही सांगितलं, तिथेच उभं राहून, मागे एक नर्स ट्रॉली घेऊन ताटकळत असताना. तो मराठीत बोलत होता म्हणून बरं. मी विचारलं, "अरे पण तू वाचलीस ना ती कथा? दहा वेळा वाचली असशील. ती काय म्हणाली?"

अस्सल पुणेरी मराठी कमावलेला हा माणूस, घाबरला की यवतमाळला परत जायचा. "मले काहीच आठवून नाही राह्यलं, स्मृती. सुमन आठवते. सुमनने कोणती साडी घातली होती ते आठवते. ती पोरगी म्हणजे डेलिया कशी होती, काहीच नाही."

यालाच मी चोरी म्हणते. गोष्ट उचलली ती मी माफ केली असती. पण मूळ मुलगी त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती, आणि तिच्या जागी आम्ही दोघांनी मिळून नटवलेली सुमन उभी होती.

हस्तलिखितं मात्र होती. सुरेखा काही टाकत नाही. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. सुरेखाने हॉट प्रेस उघडलं. गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं हे कपाट इथे घरोघरी असतं, लोक त्यात टॉवेल वाळवतात. सुरेखा त्यात इडलीचं पीठ आंबवते, आणि कागदांना ओल लागू नये म्हणून वरच्या फळीवर नवऱ्याच्या फायली ठेवते. तिला यातलं काही माहीत नव्हतं. "पुढच्या आवृत्तीसाठी का?" तिने कौतुकाने विचारलं. नंदकुमारने मान हलवली. ती चहा टाकायला गेली.

आम्ही जमिनीवर बसून फायली उलगडल्या. मला आशा होती. बहीण कापली तरी कागद राहिला असेल, आणि त्याच्या पहिल्या खर्ड्यात मूळचं पुष्कळ जसंच्या तसं असायचं. इंग्रजी वाक्याच्या शेजारी बसून केलेलं ते भाषांतरच असायचं, कोकणातला रंग मागाहून चढायचा. म्हणजे नोराला तिचे शब्द जवळजवळ मिळाले असते.

सुमनची कथा माझ्या हाताला लागली. पान एक ते सहा. मग नऊ ते चौदा.

मी पुन्हा मोजली. नंदकुमार दुसरी फाइल झटकत होता. सहाव्या पानाच्या खाली, समासात, हिरव्या शाईत शेरा होता. हिरवी शाई माझी. "पुढची दोन पानं धाकटी बहीण कशाला? गोष्ट रेंगाळते. काढ." आणि खाली माझी सही, 'स्मृ', वर एक हसरा चेहरा.

तो चेहरा मी काढला होता. कँटीनमध्ये, ताटातल्या बटाट्याच्या तीन प्रकारांपुढे बसून, चहाचा घोट घेत घेत. हे मला आठवत नव्हतं, पण माझं अक्षर मला ओळखता येतं.

मी ते पान घडी करून पर्समध्ये घातलं. म्हटलं, "नाहीत. सात-आठ नाहीत."

"मी फाडून टाकली असतील," तो म्हणाला. "मीच टाकली असतील." आणि त्याने फायलीवर डोकं टेकलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा सांगायला हवं होतं. सुरेखा चहा घेऊन आली.

सोमवारी दुपारी भेटीच्या वेळेत आम्ही दोघं वॉर्डात गेलो. जिना चढताना मी त्याला समजावत होते. "हे बघ, ती आता किती दिवसांची आहे ते तुलाच ठाऊक आहे. परत येते म्हणाली, असं सांग. एवढं एक वाक्य. सहा कथांमध्ये तू लोकांच्या तोंडी नाही नाही ते घातलंस, त्यातलं एक इथे घाल."

"नाही," तो म्हणाला.

"का नाही? कुणाचं नुकसान आहे?"

"ती कोणतं ते विचारतेय. बरं वाटेल ते नाही विचारत."

त्याने खुर्ची ओढली आणि नोराला सगळं सांगितलं. खोकं, दिवाळी अंक, बक्षीस, फ्रेम. दिवाळी अंक म्हणजे काय ते सांगताना तो अडखळला, पण ती समजली. मग तो शेगडीपाशी आला. तेही त्याने सांगितलं, पेपरात वाचल्यावर जाळले, ठरवून जाळले, असंच सांगितलं.

नोराने ऑक्सिजनची नळी नाकाशी नीट केली. मग म्हणाली, "माझ्या बापाने एक जाळला. तुम्ही दुसरा."

"हो," नंदकुमार म्हणाला.

"आणि मी त्यात होते?"

"होतात. माझ्या चौदा पानांतली दोन."

"दोन पानं." ती मऊ झाली. एवढा मोठा लेखक आणि आपल्यावर दोन पानं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं. "चौदातली दोन म्हणजे ग्रँडच की. मग काय म्हणाली ती?"

त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला ते बघवेना. त्याच्यासाठी बघवेना की माझ्या पर्समधल्या पानासाठी, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी म्हणाले, "परत येते म्हणाली."

नोराने मान वळवली. "तू वाचलंस?"

"मी टाइप केलं. मला आठवतंय. ती खाली बसली, नाडी बांधली, आणि म्हणाली, मी परत येईन, वाट बघ."

"मग माझ्या हातात काय होतं?" नोराने विचारलं. "आई म्हणाली होती, तेही त्याने लिहिलंय."

मागे फिरायला अजून वाव होता. मी म्हणाले, "बाहुली."

पलीकडच्या पलंगावर कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. नोराने डोळे मिटले. तिला राग आला असता तर बरं झालं असतं.

"त्या घरात बाहुली कधी नव्हती, पोरी," ती म्हणाली. "अंडं होतं. उकडलेलं. तिला वाटेत खायला म्हणून मी आणलं होतं. ते माझ्या हातातच राहिलं." मग अगदी सभ्यपणे, "तुम्ही दोघं चांगली माणसं आहात. आता घरी जा."

कार पार्कमध्ये नंदकुमारने मला एक शब्द बोलून दाखवला नाही. मी बोलले असते. त्याच्या जागी मी असते तर त्याला सोलून काढला असता. तो फक्त म्हणाला, "बाहुली मीही म्हणालो असतो." आणि गाडीचं दार उघडून आत बसला.

नोरा आठ दिवसांनी गेली. तेवढे आठही दिवस तो तिच्या पलंगाशी बसायचा. ती त्याच्याशी पायाच्या सुजेबद्दल बोलायची, हवेबद्दल बोलायची. डेलियाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. बापाचा हुकूम सत्तर वर्षांनी आमच्यामुळे पाळला गेला. मला खात्री आहे की तिने मनातल्या मनात निकाल लावला होता, आणि तो स्वतःच्या विरुद्ध लावला होता. बाहुली म्हणणाऱ्या बाईने 'परत येते' म्हटलं, म्हणजे ते खोटं. मी काहीच बोलले नसते तर कोणतं ते निदान उघडं राहिलं असतं. ते बंद करण्याचं काम माझ्या जिभेने केलं.

अंत्यविधीला तो गेला, मीही गेले. इथे चर्चमध्ये पुढच्या बाकावर घरचे बसतात आणि गाव रांगेने येऊन त्यांचा हात हातात घेतं, 'सॉरी फॉर युवर ट्रबल' म्हणतं. नोराचा पुढचा बाक रिकामा होता. रांग आली आणि रिकाम्या बाकापुढे घुटमळून पांगली. नंदकुमार मात्र तिथे थांबला. हात पुढे करायला कुणी नव्हतं. त्याने बाकाच्या लाकडावर हात ठेवला आणि तो मागे फिरला.

त्या दिवसापासून तो बदलला. काम चोख करतो, पण राउंडला उभ्याने बोलतो. खुर्ची ओढत नाही. चिठ्ठ्या आता माझ्याकडे सकाळी अकरालाच येतात. फ्रेम त्याने उतरवली. सुरेखाने कारण विचारलं तेव्हा सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिने भिंतीवरच्या त्या फिक्या चौकोनावर कॅलेंडर लावलं. स्वानंदी एवढंच म्हणाली, "बाबा, यू शुड हॅव जस्ट टोल्ड समवन." ती गोलवेला कॉलेजात आहे, शनिवार-रविवारी पूर्वी यायची तशी येत नाही.

जूनमध्ये त्याने कँटीनमध्ये माझ्यापुढे फुलस्केपचा गठ्ठा ठेवला. इतक्या वर्षांनी पुन्हा. मला वाटलं कथा लिहिली, आणि वेड्यासारखा आनंद झाला. कथा नव्हती. खुलासा होता. दिवाळी अंकांच्या संपादकांना, प्रकाशकाला, आणि इंग्रजीत तोच मजकूर हॅलकच्या चरित्रकाराला. सहा कथा माझ्या नाहीत. त्या कुणाच्या होत्या, मी त्यांचं काय केलं, कधी जाळल्या. नोरा डेव्हिटचं सगळं. कुठे रडगाणं नाही, कुठे क्षमा मागितलेली नाही. त्याने आजवर लिहिलेलं ते सगळ्यांत चांगलं मराठी होतं, आणि ते पूर्णपणे त्याचं होतं.

"शेरे मार हवे तर," तो म्हणाला.

मी घरी आणून टाइप करायला बसले. तिसऱ्या पानावर ते वाक्य होतं. 'मूळ कथेतली धाकट्या बहिणीची दोन पानं अनावश्यक वाटल्याने मी स्वतः काढून टाकली. त्यात माझ्या मैत्रिणीचा, जिने केवळ टंकलेखनाची मदत केली, काहीही दोष नाही.'

पर्स शेजारच्या खुर्चीवर होती. घडी केलेलं पान अजून तिच्यात होतं. मी पेन हातात घेतलं, हिरव्या शाईचंच, समासात लिहायला. नवऱ्याने चहा आणून ठेवला आणि विचारलं, काय गं, नंदकुमारची नवी गोष्ट का? मी हो म्हटलं. पेन खाली ठेवलं, आणि ते वाक्य होतं तसं टाइप केलं.